आपल्या पाड्यांना घरचा डॉक्टर हवा

(जागतिक फॅमिली डॉक्टर दिनाच्या निमित्ताने दादर येथे रविवारच्या उपासनेनंतर साहाय्यकांच्या सभेत दिलेले भाषण)





दरवर्षी १९ मे हा दिवस जगभर फॅमिली डॉक्टर दिन म्हणून पाळला जातो. २०१० पासून ही प्रथा आहे. त्या निमित्ताने डॉक्टरांच्या शिक्षणाविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असे पाळकसाहेबांनी मला सुचवले. मी डॉक्टर नाही, समाजसेविका आहे. तेव्हा पाड्यावर उभे राहून जे दिसते, तेच सांगणार आहे. आणि शेवटी आपल्याकडून एक निर्णय मागणार आहे.

आधी एक चूक कबूल करते. मागील एका अंकात मी एक बातमी लिहिली होती. मोखाडा तालुक्यातील एका वारली बांधवाला आपण मुंबईत आणले, त्याच्या पायाच्या जखमेवर व मधुमेहावर उपचार झाले, तो आनंदाने घरी गेला, अशी ती बातमी होती. सोबत फोटोही होता. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहून देणगी पाठवली. बातमीतले एकही वाक्य खोटे नव्हते, पण पुढे जे झाले ते मी लिहिले नाही. आज सांगते.

त्या दादांबरोबर मी स्वतः रांगांत उभी होते. जखमेसाठी एक विभाग, साखरेसाठी दुसरा, डोळ्यांसाठी तिसरा. तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावले, तेव्हा साखरेच्या विभागात दुसरे डॉक्टर होते. प्रत्येकाने नीट तपासले, कोणी वाईट बोलले नाही. दादा घरी गेले ते चार केसपेपर आणि गोळ्यांच्या चार पिशव्या घेऊन. त्यांतल्या दोन पिशव्यांत साखर उतरवणारी एकच गोळी दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावांनी होती. मला ते कळले नाही. दादांना वाचता येत नाही. सांगितल्याप्रमाणे ते दोन्ही घेत राहिले.

आणखी एक गोष्ट आम्ही कोणी विचारली नव्हती. दादा पहाटे उपाशीपोटी कामाला निघतात आणि पहिला घास दुपारी खातात. 'सकाळी जेवणाआधी' असे चिठ्ठीवर लिहिलेले होते, पण त्या घरात सकाळचे जेवणच नव्हते. एके दिवशी बांधावर त्यांना घेरी आली, अंग घामाने चिंब झाले, ते असंबद्ध बोलू लागले. त्यांच्या पत्नीने घरात होता तो गूळ घालून कोरा चहा पाजला, म्हणून ते वाचले. मधुमेहात साखर एकदम उतरली तर काय करायचे, हे त्या बाईंना कोणी शिकवलेले नव्हते. केवळ देवाची कृपा म्हणून त्या वेळी त्यांचा हात गुळाच्या डब्याकडे गेला.

दुसऱ्या दिवशी ते आपल्या दवाखान्यात आले. तिथे आपल्या तरुण डॉक्टरताई आहेत, एमबीबीएस झालेल्या. त्यांनी सगळ्या पिशव्या टेबलावर ओतल्या, एकेक पाकीट उलटून औषधाचे मूळ नाव वाचले आणि दुहेरी गोळी शोधून काढली. मग विचारले, तुम्ही कधी जेवता? घरी कोण कोण आहे? कोणाला खोकला आहे का? सुनेला तीन आठवड्यांपासून खोकला होता. तिची थुंकी तपासायला पाठवली, तर क्षयरोग निघाला. मधुमेही माणसाला क्षयरोगाचा धोका इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट असतो, म्हणून दादांचीही तपासणी केली. त्यांना तो नव्हता. सुनेला सरकारी कार्यक्रमातून मोफत औषधे सुरू झाली आणि निक्षय पोषण योजनेत तिचे नाव लागले. आता ती बरी होत आहे.

माणूस आला होता घेरीसाठी, आणि आजारी सापडले घर. बंधुभगिनींनो, फॅमिली मेडिसिन म्हणतात ते हेच.

हा शब्द आपल्याला नवा वाटेल, पण गोष्ट नवी नाही. लालबाग-परळच्या चाळींत जे वाढले त्यांना आठवत असेल, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा दवाखाना, लाकडी बाक, आत कंपाउंडर, आणि डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली मिक्श्चरची बाटली. त्या डॉक्टरांना आजोबांचा दमा माहीत, आईची बाळंतपणे माहीत, थोरल्याची नोकरी गेलेलीही माहीत. १९८२ चा गिरणी संप सुरू झाल्यावर कितीतरी घरांत पैसे नव्हते, तेव्हा अशा अनेक डॉक्टरांनी उधारीवर तपासले, असे आमच्या चाळीतली वडीलधारी माणसे सांगत. घर माहीत असणे हेच त्यांचे अर्धे निदान होते.

आज आपल्या परळमध्ये काय नाही? हाफकिन संस्था १८९९ पासून परळच्या जुन्या राजभवनात आहे. केईएम रुग्णालय १९२६ चे, टाटा मेमोरियल १९४१ चे. वाडिया रुग्णालये बाळंतिणी आणि मुलांसाठी. सगळी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. जव्हार-मोखाड्याहून येणाऱ्या माणसाला इथे अवघड शस्त्रक्रिया मिळते, महागडी तपासणी मिळते, आणि त्याबद्दल आपण देवाचे आभार मानले पाहिजेत. पण एवढ्या दारांपैकी कोणत्या दारातून आत जायचे, आणि बाहेर पडल्यावर सगळे कागद एकत्र कोण वाचणार, याचे उत्तर त्याला पाड्याजवळच मिळायला हवे.

आता शिक्षणाच्या बातम्या.

फॅमिली मेडिसिन हा आता स्वतंत्र पदव्युत्तर विषय आहे. अमेरिकेने त्याला १९६९ मध्ये विशेष शाखेचा दर्जा दिला. आपल्याकडे उशीर झाला, पण २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना चालना देणे हे पदव्युत्तर मंडळाचे काम म्हणून लिहिले गेले. एमबीबीएसनंतर एमडी किंवा डीएनबी करायला तीन वर्षे लागतात. २०२० मध्ये राष्ट्रीय परीक्षा मंडळाने दोन वर्षांच्या पदविका सुरू केल्या, त्यांतही हा विषय आहे. शिकणारा डॉक्टर मेडिसिन, बालरोग, प्रसूती, शस्त्रक्रिया अशा विभागांतून फिरतो. प्रत्येक ठिकाणी तो दोन प्रश्न शिकतो. यातले मी माझ्या दवाखान्यात काय करू शकतो? आणि कोणत्या क्षणी रुग्णाला पुढे पाठवलेच पाहिजे?

दुसरी बातमी. २०२१-२२ च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षापासून काही कुटुंबे दत्तक दिली जातात. दत्तक म्हणजे पैसे द्यायचे नाहीत. त्याच घरी पुन्हा पुन्हा जायचे आणि त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवायचे. एमडी-एमएस करणाऱ्यांनाही आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. मंडळीत ज्यांची मुले-मुली मेडिकलला आहेत, त्यांनी त्यांना विचारावे, तुझी कुटुंबे कोणती? तिथे चूल कशावर पेटते? पाणी कुठून येते? मुलाला उत्तर देता आले, तर आनंद माना.

तिसरी बातमी आपल्या ख्रिस्ती सेवेच्या परंपरेतली आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २००६ पासून फॅमिली मेडिसिनची दोन वर्षांची दूरशिक्षण पदविका चालवली आहे. डॉक्टर आपल्या दवाखान्यातच राहतो, रात्री अभ्यास करतो, आणि ठरलेल्या दिवशी संपर्कवर्गासाठी केंद्रावर जातो. ही पदविका एमडीच्या बरोबरीची नाही, हे स्पष्ट सांगते. पण जिला पाडा सोडून तीन वर्षे जाता येत नाही, तिच्यासाठी हे दार उघडे आहे.

त्याच वेल्लोरमध्ये शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला गेले, हे आपल्याला ठाऊक आहे. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी गावातल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांत अनेक दलित होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती. डॉक्टरचे ज्ञान डॉक्टरपाशीच राहू नये, हा जामखेडचा धडा आहे. त्या दिवशी गुळाचा चहा पाजणाऱ्या बाईंना पुढच्या वेळी तो का पाजायचा हे कळले पाहिजे, आणि शेजारच्या दहा घरांनाही कळले पाहिजे.

आता तो निर्णय.

आपल्या डॉक्टरताईंना ही पदविका करायची आहे. त्या मला म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी मला दुहेरी गोळी सापडली, ते नशीब होतं. मला ते नशिबावर सोडायचं नाही, शिकायचं आहे." शुल्क, प्रवास आणि संपर्कवर्गाच्या दिवसांत दवाखाना चालवायला बदली डॉक्टर, एवढा खर्च आहे. नवी देणगी मिळेलच असे नाही. म्हणून कार्यकारिणीपुढे प्रस्ताव आहे, की डिसेंबरमधील वार्षिक वैद्यकीय शिबिराचा निधी दोन वर्षे या कामासाठी वळवावा.

काही वडीलजनांचा याला विरोध आहे आणि तो मला समजतो. एक काका मला म्हणाले, "शिबिराला आम्ही स्वतः येतो, लेकरांना बघतो, गोळ्या वाटतो. इथे पैसे देऊन आम्हाला काय दिसणार?" खरे आहे. शिबिरानेच आपल्यापैकी अनेकांना प्रथम पाड्यावर नेले. मीही तशीच गेले होते. शिबिरात मोतीबिंदू सापडले, अशक्त बाळे सापडली. पण जानेवारीत त्याच बाळाचे वजन कोणी केले? दादांचे नाव पूर्वी आपल्या शिबिराच्या वहीत होते. 'साखर जास्त, डॉक्टरांना दाखवणे' एवढेच पुढे लिहिले होते. पुढच्या डिसेंबरपर्यंत आपल्यापैकी कोणीही विचारले नाही, दाखवले का. तोवर पायाला जखम झाली होती.

लूकच्या दहाव्या अध्यायातला चांगला शोमरोनी आपण सर्व ओळखतो. मी त्याच्यावर लहानपणी नाटुकलीही केली आहे. पण ईश्वरविज्ञान शिकत असताना आमच्या गुरुजींनी एकदा विचारले, त्या रात्रीनंतर जखमी माणसाची मलमपट्टी कोणी बदलली? उतारशाळेच्या रखवालदाराने. त्याचे नाव नाही, त्याच्यावर नाटुकली नाही. शोमरोन्याने त्याच्या हाती दोन नाणी ठेवली, सांभाळायला सांगितले, आणि परत येताना उरलेला खर्च देण्याचा शब्द दिला. वाटेवर थांबणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती नाणी आणि तो शब्दही. आजवर आपण शिबिर करून वाटेवर थांबलो. आता पाड्यावर कायम राहणाऱ्या व्यक्तीच्या हाती दोन नाणी द्यायची आहेत.

याच दादरमध्ये गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा परगावच्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. उतारशाळा म्हणजे काय ते आपण तिथेही शिकू शकतो.

काकांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. आपण पाड्यावर येणे थांबवू नये, येण्याची रीत बदलावी. मोठी बस एकदा आणण्याऐवजी पाच-सहा जणांनी वर्षातून तीनदा त्याच पाड्यावर यावे. प्रत्येक घराची एक वही असेल. मागच्या वेळी कोणाला काय सांगितले ते तिच्यात पाहावे आणि विचारावे, झाले का? तेव्हा दिसेल. फोटोत कदाचित दिसणार नाही, पण वहीत दिसेल.

काही सूचना सांगून थांबते.

पहिली. कार्यकारिणीची सभा जूनच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर आहे. प्रस्तावाच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघांनीही यावे. खर्चाचा तपशील कार्यालयात पाहायला मिळेल.

दुसरी. आपल्या वसतिगृहातील दोन मुली यंदा परिचारिका अभ्यासक्रमासाठी अर्ज करत आहेत. एक वारली, एक कातकरी. जातीच्या दाखल्याची कागदपत्रे जमवायला आणि मुलाखतीची तयारी करून घ्यायला मंडळीतील निवृत्त शिक्षक व परिचारिकांची मदत हवी आहे.

तिसरी. परळ, लालबाग, दादर, गिरगाव येथे राहणाऱ्यांपैकी महिन्यातून एक सकाळ देऊ शकणारे सोबती हवेत. पाड्यावरून येणाऱ्या रुग्णाबरोबर रांगेत उभे राहायचे, आणि शेवटी सर्व औषधांची मूळ नावे एकाच कागदावर लिहून घ्यायची. मी जे केले नाही, ते आपण करावे. तो कागद डॉक्टरताईंकडे जाईल.

प्रार्थनेचे विषय: दादांची जखम आणि त्यांचा नेमका आहार, त्यांच्या सुनेची औषधे अर्धवट न सुटता पूर्ण व्हावीत, डॉक्टरताईंचा अभ्यास, आणि आपल्या सभेत एकमेकांचे ऐकून घेण्याची कृपा.

त्या बातमीतला फोटो अजून कार्यालयाच्या भिंतीवर आहे. तो मी काढणार नाही. त्याच्या खाली सुनेचे औषध पूर्ण झाल्याची तारीख लिहायची जागा ठेवली आहे. ती तारीख लिहिली जाईल, त्या अंकात आपल्याला कळवीन.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.