सेवेचे ठायी तत्पर : आयुष्याचे काम निवडताना

(मालवण येथे विद्यार्थी व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी तेथे पूजन करून छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला. या दुर्गाच्या उभारणीशी परंपरेने हिरोजी इंदुलकरांचे नाव जोडले आहे. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या एका पायरीवर त्यांचे नाव कोरलेले असून त्या नावामागे तीनच शब्द आहेत : ‘सेवेचे ठायी तत्पर’. एवढ्या कर्तृत्वाच्या स्थपतीचे नाव पायरीवर आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. विद्या आणि कौशल्य त्या काळी इतरांपाशीही असेल. ते कोणत्या कार्याला वाहावयाचे, या निर्णयाने हिरोजींचे आयुष्य मोठे झाले.

आज हाच निर्णय येथे बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे आहे. दहावी-बारावीच्या निकालांत कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात अग्रभागी राहिला आहे. गुणपत्रिका हाती आली की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : कोणती शाखा, कोणते शहर, किती पगार? हे प्रश्न गैर नाहीत. ज्या घरावर कर्ज आहे, तेथील मुलाने पगाराचा विचार करणे हा धर्मच आहे. परंतु या प्रश्नांच्या गर्दीत एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो : आपल्या हातून अधिकाधिक लोकांचे अधिकाधिक भले कोणत्या कामाने होईल?

आपल्या परंपरेने माणसाला जन्मतःच ऋणी मानले आहे. ऋण म्हटले की ते फेडण्याची इच्छा हवी आणि हिशेबही हवा. सद्भावना असूनही पुष्कळांचे श्रम वाया जातात, कारण हिशेब केलेला नसतो. हा हिशेब तीन कसोट्यांवर करता येतो. गरज किती मोठी आहे? त्या गरजेकडे आधीच किती जण लक्ष देत आहेत? आणि आपल्या हाताने केलेले काम किती जणांपर्यंत व किती काळ पोहोचेल?

या कसोट्या परक्या नाहीत. कोकणाने त्या जगून दाखविल्या आहेत.

पहिला मार्ग चाकरमान्यांचा. गिरणगावातील दहा बाय दहाच्या खोलीत दाटीवाटीने राहून या जिल्ह्यातील माणसांनी गावाकडे मनीऑर्डरी पाठविल्या. घरे त्यावर चालली, आणि मुंबईत स्थापन झालेल्या ग्रामस्थ मंडळांच्या वर्गणीतून गावोगावी शाळा व वाचनालये उभी राहिली. जो गावी राहून शिक्षक होऊ शकला नाही, त्याने शिक्षकाचा पगार निघेल अशी व्यवस्था केली. दूर राहून कमावणे आणि कमाईचा ठरावीक वाटा नेमाने परत पाठविणे, हीही सेवाच होय. अट एकच : वाटा आधी बाजूला निघाला पाहिजे. खर्च भागवून उरेल ते देऊ, असे म्हणणाऱ्याचे बहुधा काही उरत नाही.

दुसरा मार्ग संशोधकाचा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात काजूच्या झाडांची निवड आणि संकर यांचे काम अनेक वर्षे चालले. वेतोरे गावाचे नाव धारण करणाऱ्या स्थानिक वाणाचा संकर करून १९८१ साली ‘वेंगुर्ला ४’ ही जात प्रसारित झाली, १९९७ साली ‘वेंगुर्ला ७’ आली. संकर केल्यापासून जात शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत संशोधकाच्या उमेदीचा मोठा काळ खर्ची पडतो. रोप लावायचे, ते फळावर येण्याची वाट पाहायची, वर्षामागून वर्षे उत्पन्नाच्या नोंदी ठेवायच्या. त्यात प्रसिद्धी नाही. कातळावर काजूची कलमे लावून संसार सावरणाऱ्या बागायतदाराला त्या संशोधकांची नावे ठाऊक नसतात. तथापि एका टेबलावरचे काम हजारो बागांत पोहोचले. तिसऱ्या कसोटीचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावयास नको.

तिसरा मार्ग शासनाचा. प्रा. मधु दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. १९७१ पासून ते या किनाऱ्याचा समावेश असलेल्या राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून जात राहिले. त्यांची विचारसरणी समाजवादी होती; मतभेद असणाऱ्यांनीही त्यांच्या सचोटीचा आदर केला. १९७७ ते १९७९ या काळात ते रेल्वेमंत्री होते. त्या वेळी दुसऱ्या वर्गाचा प्रवासी लाकडी फळीवर बसून आणि झोपून प्रवास करी. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच फोम घालण्याचा निर्णय घेतला. निर्णय दोन इंचांचा, पण त्याचा लाभ देशभरातील सामान्य प्रवाशांच्या कैक पिढ्यांना झाला. वरच्या वर्गासाठी काही करण्यास पुष्कळ जण उत्सुक असतात. फळीवर बसलेल्याची आठवण अधिकाराच्या खुर्चीत ठेवणे दुर्मीळ. प्रशासकीय सेवेची स्वप्ने पाहणाऱ्यांनी हे दोन इंच ध्यानात ठेवावेत.

चौथा मार्ग सर्वांत कठीण. सीताराम पुरुषोत्तम तथा आप्पा पटवर्धन यांचा जन्म १८९४ सालचा, रत्नागिरीजवळील आगरगुळे गावचा. तत्त्वज्ञानाचे अध्ययन केलेल्या या बुद्धिमान तरुणापुढे अध्यापनाचा प्रतिष्ठित मार्ग मोकळा होता. तो सोडून ते गांधीजींकडे गेले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांचाच. लेखणीच्या बळावर ते सन्मानाने जगू शकले असते. पण त्यांनी पाहिले की पुस्तके लिहिणारे मिळतात. डोक्यावरून मैला वाहणाऱ्या माणसाच्या शेजारी उभे राहण्यास सुशिक्षितांपैकी कोणी पुढे येत नाही. गरज सर्वांत मोठी आणि तिच्याकडे पाहणारा कोणी नाही, अशी ती जागा होती.

१९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैलासफाईचे काम मागितले. जातीने ब्राह्मण असलेल्या कैद्याला ते देता येणार नाही, अशी तुरुंगाची भूमिका. आप्पांनी अन्न कमी केले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात स्वतः गांधीजींनी उपोषण आरंभिले. सरकारला प्रश्नाचा फेरविचार करण्याचे मान्य करावे लागले. स्वच्छतेचे काम एका जातीचे नसून समाजाचे आहे, हे तत्त्व ग्रंथात मांडणे सोपे; आप्पांनी ते हातात झाडू घेऊन मांडले.

पण आप्पांची खरी दूरदृष्टी पुढे आहे. एका माणसाने आयुष्यभर मैला उचलला, तरी तो उचलण्याची प्रथा संपत नाही, हे त्यांच्यातील तत्त्वज्ञाने ओळखले. १९४८ साली कणकवलीजवळ त्यांनी गोपुरी आश्रम स्थापिला. तेथे मैल्याचे खत करणारे, कमी खर्चाचे संडास, मेलेल्या जनावरांच्या कातड्याचा उपयोग, खतनिर्मिती असे प्रयोग चालले. ‘गोपुरी संडास’ हे नावच रूढ झाले. मैला हाताने उचलावाच लागू नये, अशी रचना उभी करणे हे त्या माणसाच्या मुक्तीचे साधन होते. करुणेला त्यांनी तंत्राची जोड दिली. सेवा आणि हिशेब यांचा मेळ म्हणतात तो हाच.

आप्पा १९७१ साली गेले. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणारा कायदा १९९३ साली आणि अधिक व्यापक कायदा २०१३ साली झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये ग्रामीण स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सपाट प्रदेशातील जिल्ह्यांत सिंधुदुर्ग देशात पहिला आला. त्याचे श्रेय ग्रामपंचायती, शिक्षक, कर्मचारी आणि गावोगावच्या भगिनी अशा असंख्य हातांचे आहे. पण याच मातीत एका प्राध्यापकाने त्याआधी अनेक दशके आपल्या आयुष्याचे बी पेरले होते, याचा विसर पडू नये.

मित्रांनो, सर्वांनी आप्पा व्हावे, असा आग्रह कोणी धरणार नाही. ज्याला प्रयोगशाळेत रस आहे त्याने आश्रमात जाऊन कुढू नये. ज्याला माणसांत रमते त्याने केवळ पगारासाठी यंत्रापुढे बसू नये. आवड आणि वकूब यांना हिशेबात स्थान आहेच. गाव सोडणे हे पाप नाही आणि गावात राहणे हे आपोआप पुण्य ठरत नाही. जाण्याने काय साधणार आणि राहण्याने काय साधणार, एवढेच पाहावयाचे. आजही या किनाऱ्यावरील गंभीर रुग्णाला पुष्कळदा गोव्यात बांबोळी गाठावी लागते. समुद्रातील मासळी घटल्याची चिंता प्रत्येक बंदरात आहे. बंद घरांच्या अंगणात वृद्ध एकटे आहेत. डॉक्टर, सागरी जीवशास्त्रज्ञ, परिचारिका, प्रामाणिक अधिकारी : या प्रत्येक जागी माणूस हवा आहे.

पालकांसाठीही एक उदाहरण आहे. ई. श्रीधरन १९९० साली वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी रेल्वेच्या सेवेतून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी कोकण रेल्वेची धुरा घेतली. २६ जानेवारी १९९८ पासून हा मार्ग पूर्णपणे सुरू झाला. काम निवडण्याची वेळ अठराव्या वर्षी येते तशी अठ्ठावन्नाव्याही येते.

तेव्हा प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी घरातल्यांनी एकत्र बसावे. पगाराचा आकडा जरूर मांडावा. त्याच कागदावर त्या तीन कसोट्याही लिहाव्यात. सुटीतला एक महिना त्या क्षेत्रात प्रत्यक्ष राबणाऱ्या माणसाच्या हाताखाली काढावा. मग निर्णय करावा आणि दर पाच-सात वर्षांनी तो पुन्हा तपासावा.

आपले नाव कोठे लागेल, याची काळजी नसावी. हिरोजींना पायरी पुरली.