शेततळ्याचं हिरवं पाणी आणि पहाटे मेलेली मासळी
(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीतलं भाषण)



आमच्या गटाच्या शेततळ्यातले मासे का मेले, ते सांगायचं काम तुम्ही माझ्यावर टाकलंत. नुकसान झालंय, आता लपवून काय करायचं?

भादव्यात तीन दिवस आभाळ भरलेलं होतं. चौथ्या दिवशी पहाटे गेलो, तर कटला अन् रोहू पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते. किती तरी उलटे तरंगत होते. पाणी हिरवंगार. गावात लगेच बोलणं सुरू झालं, कुणीतरी औषध टाकलं म्हणून. औषध कुणीच टाकलं नव्हतं. चूक आमचीच होती.

पाणी हिरवं दिसतं ते बारीक शेवाळामुळं. ही शेवाळं झाडासारखीच उन्हावर जगतात. कार्बन डायऑक्साइड घेतात, त्याची साखर करतात अन् प्राणवायू सोडतात. पण पाण्यात हा वायू हवेपेक्षा सुमारे 10,000 पट हळू पसरतो. मग शेवाळाला तो पुरतो कसा? आपल्याकडचं पाणी जड. डाळ शिजत नाही, घागरीला पांढरा थर बसतो. अशा पाण्यात हा वायू बायकार्बोनेट होऊन विरघळलेला असतो. खायचा सोडा त्याच जातीचा. बरीच शेवाळं हे बायकार्बोनेट आत ओढतात, पेशीत त्याचा पुन्हा कार्बन डायऑक्साइड करतात आणि साठा करून वापरतात. आपण शंभर-शंभर रुपये गोळा करून पेटी भरतो ना, अगदी तसं!

म्हणून दुपारी तीन-चारला तळ्यात प्राणवायू भरपूर असतो. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपत आला की पाण्याचा सामू चढतो. सकाळी 7.5 असलेला सामू दाट हिरव्या तळ्यात दुपारी 9 च्या वर जाऊ शकतो. तेव्हा शेणा-विष्ठेतला अमोनिया माशांना जास्त बाधतो, हेही ध्यानात ठेवा.

सूर्य बुडाला की प्राणवायू तयार होणं बंद. श्वास मात्र शेवाळही घेतं, मासेही घेतात, तळाचं कुजणारं शेणही प्राणवायू खातं. पहाटेपर्यंत साठा तळाला जातो. त्यात तीन दिवस ढग, म्हणजे दिवसाची कमाईच नाही. आणि आम्ही मासे लवकर वाढावेत म्हणून मापापेक्षा जास्त शेणकाला ओतत होतो. शेवाळाला ते खतच.

भीमेवरच्या उजनीचं पाणी हिरवं होतं, त्याचंही मूळ असंच आहे. पुणे-पिंपरीकडचं सांडपाणी नदीतून येतं, त्यातलं नत्र अन् स्फुरद शेवाळाला पोसतं. तिथं आपल्या हातात फारसं नाही, शेततळ्यात आहे.

आम्ही आता काठीला पांढरी ताटली बांधून पाण्यात सोडतो. फूटभर खोलीच्या आतच ती दिसेनाशी झाली, तर शेणकाला बंद. ढगाळ दिवसात खाद्यही कमी. मासे वर आले तर लगेच मोटर लावून ताजं पाणी उंचावरून पाडायचं, दुपारची वाट बघायची नाही. आणि कागद घातलेल्या तळ्याच्या उतारावर एकटीनं उतरू नका, पाय घसरतो.

सामू तपासायचे कागद मी आणलेत. ज्यांच्याकडं शेततळं आहे त्यांनी जाताना घेऊन जा. सकाळी सहा आणि दुपारी तीन, दोन्ही वेळचा रंग वहीत लिहा.