आईची शाळा

ज्या भगिनी आपल्या मुलांना शाळेंत न घालतां घरींच शिकवितात, त्यांच्याशीं आज मला थोडें बोलावयाचें आहे.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. आषाढ महिना, बाहेर संततधार, मांडीवर तीन महिन्यांची मुलगी आणि समोर आठ वर्षांचा मुलगा भागाकार करीत बसलेला. तो तीनदां चुकला, तेव्हां मीं त्याची वही दूर फेंकली. तो रडला नाहीं. वही उचलून त्यानें शांतपणें विचारलें, "आई, तुला कोण शिकवतं?"

मजजवळ उत्तर नव्हतें. मुलीच्या जन्मापासून मीं स्वतःसाठीं एक पानही वाचलें नव्हतें. कोरड्या विहिरींत पोहरा सोडावा, तसा तो मुलगा रोज मजकडे येत होता!

वेळ नाहीं, हें आपलें नेहमींचें उत्तर. आणि तें खोटें नाहीं. परंतु रमाबाई रानडे यांचें उदाहरण आठवा. १८७३ सालीं त्या सासरीं आल्या, तेव्हां त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. घरांतील वडील स्त्रियांचा रोष सोसून त्या शिकल्या, आणि पुढें पुण्याच्या सेवासदनाचा भार त्यांनीं वाहिला. मात्र त्यांच्या शिक्षणासाठीं पतीनें वेळ राखला होता, हें विसरूं नये. आईला निवांतपणा मिळावा, ही एकट्या आईची जबाबदारी नव्हे. आमच्या घरीं आतां रात्रीं जेवणानंतरचा अर्धा तास मुलें वडिलांकडे असतात.

इंग्लंडांतील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांचा आग्रह असे कीं, लहान मुलांचे पाठ वीस मिनिटांहून लांबूं नयेत, ऐकलेलें मुलानें आपल्या शब्दांत सांगावें, आणि पुष्कळसा वेळ मोकळ्या हवेंत जावा. हें सारें मुलाच्या हितासाठीं, असें मी समजत होतें. त्यांत आईचेंही हित आहे, हें अनुभवानें कळलें. पाठ आंखूड झाले, तशी माझी दुपार थोडी मोकळी झाली.

तरीही सर्व ऋतु सारखे नसतात. मूल तान्हें असतांना पाळण्याजवळ एक पुस्तक ठेवावें. दिवसाला दोन पानें झालीं तरी पुष्कळ. पावसाळ्यांत अंगणांतला टाकळा मुलाबरोबर आपणही निरखावा, आपलीही वही ठेवावी. कार्तिकांत सायंकाळीं पूर्वेस कृत्तिका दिसतात. त्या शोधतांना आई आणि मूल दोघेंही विद्यार्थीच असतात. पुढें मुलें मोठीं होतात. १९८९ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांचा मार्ग त्यांना मोकळा आहे. तीं आपला अभ्यास आपण करूं लागतात. त्या वेळीं आईचें मन रिकामें राहूं नये, म्हणून आजचीं दोन पानें.

कोणी म्हणेल, हा स्वार्थ आहे. परंतु जी स्वतः शिकत असते, तिला चुकणें म्हणजे काय हें रोज आठवतें. मी हल्लीं संस्कृत शिकत आहें. परवां माझें एक रूप चुकलें, तें मुलानें पाहिलें, आणि आपली पाटी घेऊन तो मजशेजारीं येऊन बसला. त्या दिवशीं त्याचा भागाकारही चुकला होता. आम्हीं दोघांनीं तें पुन्हां करून पाहिलें.