टेबलच्या वर आयझॉल, तळाला मुंबई: कोच खालिद जमीलची गोष्ट

राजुऱ्यातून बोलतोय. आजचा भाग फुटबॉलवर आहे, पण गोल मारणाऱ्यांवर नाही. स्वतःचं खेळणं संपल्यावर जो माणूस लाइनच्या बाहेर उभा राहून दुसऱ्यांना खेळवतो, त्याच्यावर आहे.

हा विषय का घेतला? आपल्या राजुरा-बल्लारपूर पट्ट्यात चांगलं खेळणारी पोरं आहेत. बावीस-तेवीस वय झालं, वरच्या टीममध्ये निवड झाली नाही, की बूट माळ्यावर जातात. मग पोलीस भरती, कोळसा खाण नाहीतर सिमेंट कारखाना. त्यात वाईट काहीच नाही. पण फुटबॉलशी नातं तिथंच तोडायचं का, हा खरा प्रश्न आहे.

इंग्लंडमध्ये वरच्या चार पायऱ्यांवर ९२ क्लब आहेत. त्याखाली जे काही आहे, त्याला ते ‘नॉन-लीग’ म्हणतात. तिथले बरेच खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि संध्याकाळी प्रॅक्टिसला येतात. नील वॉर्नॉक नावाचा एक विंगर होता. खेळणं संपल्यावर त्याने गेन्सबरो ट्रिनिटी या नॉन-लीग क्लबपासून मॅनेजरकीला सुरुवात केली. पोटासाठी तो पायांच्या दुखण्यावर उपचार करायचा. १९८७ मध्ये त्याने स्कारबरोला नॉन-लीगमधून थेट फुटबॉल लीगमध्ये नेलं. पुढे वेगवेगळ्या क्लबना मिळून आठ वेळा वरच्या पायरीवर चढवलं. सुरुवात मात्र अगदी खालून.

आपल्याकडे असं कोणी आहे का? आहे ना. खालिद जमील.

जन्म १९७७ चा, कुवेतमधला. मिडफिल्डर. मुंबईत महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळला, भारताकडूनही खेळला. मग मुंबई एफसीत आला, पण दुखापतींनी खेळणं थांबवलं. या क्लबचा पहिला कोच होता डेव्हिड बूथ. हा इंग्लंडचा माणूस, ग्रिम्सबी टाउनचा जुना खेळाडू आणि नंतर त्याच क्लबचा मॅनेजर. त्याच्यानंतर २००९ मध्ये मुंबई एफसीची सूत्रं खालिदकडे आली. वय बत्तीस.

आता नीट ऐका. मुंबई एफसी काही श्रीमंत क्लब नव्हता. मोठे परदेशी स्टार नाहीत, कोलकात्यासारखी गर्दी नाही. खालिदचं काम एकच: टीम आय-लीगमधून खाली घसरू द्यायची नाही. त्याने ते सात हंगाम केलं. लोक म्हणायचे, हा फार बचावात्मक खेळतो, मजा येत नाही. अरे भाऊ, खिशात पैसे कमी असले की माणूस आधी घर सांभाळतो, मग सजावट करतो!

२०१६ मध्ये त्याची आणि क्लबची वाट वेगळी झाली, आणि तो गेला मिझोरमला, आयझॉल एफसीकडे. ही टीम आदल्या हंगामात घसरून लीगबाहेर गेलेली. गोव्याचे क्लब लीग सोडून गेले, म्हणून हिला परत घेतलं. मुंबईतून खालिदबरोबर जयेश राणे आणि आशुतोष मेहता गेले. बाकी स्थानिक मिझो पोरं आणि थोडे परदेशी खेळाडू.

एप्रिल २०१७. शेवटून दुसरी मॅच, समोर मोहन बागान. आयझॉल १-० ने जिंकलं. शेवटच्या दिवशी, ३० एप्रिलला, शिलाँग लाजाँगविरुद्ध १-१. तेवढा एक पॉइंट पुरला. आयझॉल ३७, मोहन बागान ३६. ईशान्येतला क्लब पहिल्यांदा देशाचा चॅम्पियन!

आणि त्याच टेबलमध्ये सगळ्यात खाली, दहाव्या नंबरवर कोण? मुंबई एफसी. टीम घसरली आणि पुढे क्लबच बंद पडला. सात वर्षं जो माणूस टीमला ‘फक्त’ वाचवत होता, त्याची किंमत त्या टेबलने सांगितली. मला विचाराल तर खालिदची मोठी कमाई ट्रॉफी नाही, ती सात वर्षं आहेत.

पुढचं पटकन सांगतो. ईस्ट बंगाल, मोहन बागान, मग नॉर्थईस्ट युनायटेड. तिथे २०२०-२१ मध्ये अर्ध्या हंगामात तात्पुरता कोच म्हणून उभा राहिला आणि टीमला प्लेऑफमध्ये नेलं. त्यानंतर आयएसएलमध्ये कायम मुख्य कोच झालेला तो पहिला भारतीय. मग जमशेदपूर. आणि १ ऑगस्ट २०२५ ला भारतीय टीमचा मुख्य कोच! सुरुवात झकास झाली, काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ हरलो आणि २०२७ च्या आशियाई कपची दारं बंद झाली. शिव्याही भरपूर पडल्या. कोचचं काम हे असंच. जिंकलं तर पोरं जिंकली, हरलं तर कोच हरला.

आता आपल्या कामाचं. कोचिंगची एक शिडी आहे: डी, सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो लायसन्स. खालिदकडे प्रो आहे, पण चढायला सुरुवात खालूनच करावी लागते. त्यासाठी भारताकडून खेळलेलं असायची गरज नाही. राजुऱ्यातल्या, गडचांदूरच्या, गडचिरोलीच्या ज्या पोराची निवड हुकली, त्याच्याकडे एक गोष्ट असते. निवड का हुकते, हे त्याला आतून माहीत असतं. पहिली कीक कशी मारायची, पडल्यावर कसं उठायचं, हे बारा वर्षांच्या पोराला सांगायला त्याच्याइतका चांगला माणूस दुसरा कुठून आणणार?

म्हणून म्हणतो, बूट माळ्यावर टाकायची घाई करू नका. एक शिट्टी, चार कोन, दोन बॉल आणि संध्याकाळचा एक तास, एवढ्यात टीम सुरू होते. ती टिकवणं अवघड आहे, पण खरं काम तेच आहे.

तुमच्या गावात असं कोणी पोरांना खेळवत असेल तर हा भाग त्या भाऊला, त्या ताईला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर खेळत राहा!