अवचित थबकणारा संगणक

रोग्याचा ताप रोज ठराविक वेळीं चढत असेल, तर वैद्याचें अर्धें काम त्या तापानेंच केलेलें असतें. परंतु जो ताप केव्हांहि येतो आणि केव्हांहि उतरतो, त्यापुढें भलेभले वैद्य बिचकतात. जुन्या संगणकाचें मध्येंच थिजून जाणें हें या दुसऱ्या जातीचें दुखणें होय. पडद्यावरील बाण जागच्या जागीं खिळतो, कळफलक दाद देत नाहीं, आणि वीज बंद करण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. पुनः चालू करावा, तों सर्व कांहीं सुरळीत ! मग दोष शोधावा तरी कोठें?

विंडोज ९५ व विंडोज ९८ या दोन कार्यप्रणालींवर हा आळ विशेष येत असे. विंडोज ९८ ची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ११ जुलै २००६ रोजीं थांबविली. तरी जुने हिशेब, एखादा प्रबंध किंवा त्याच प्रणालीवर चालणारें एखादें उपकरण यांपायीं असे संगणक कोठें कोठें जपून ठेवलेले आढळतात. त्यांच्या थबकण्याला लोक ‘कारणावांचून’ असें म्हणतात. पण कारण नसणें निराळें आणि कारण न दिसणें निराळें.

याचें नामी उदाहरण १९९९ सालीं उघडकीस आलें. संगणक सुरू झाल्यापासून किती वेळ गेला, हें मोजणारा एक गणक या प्रणालींत असे. तो सेकंदाचा हजारावा भाग हें एक माप धरून मोजी. त्याला जागा दिलेली होती बत्तीस द्विअंकी घरांची. तेवढ्या घरांत ४,२९,४९,६७,२९५ ही शेवटची संख्या मावते. पुढच्या क्षणीं गणक शून्यावर येतो. एका दिवसांत असे ८,६४,००,००० क्षण असतात. तेव्हां भागाकार केला म्हणजे ४९ दिवस व सुमारें १७ तास होतात. इतका काळ अखंड चाललेला संगणक या वेळीं थिजून जाई. विंडोज ९५ ही ऑगस्ट १९९५ मध्यें बाजारांत आली होती. दोष ध्यानांत येऊन त्यावर उपाय प्रसिद्ध होण्यास जवळजवळ चार वर्षें लागलीं. कारण सात आठवडे न थांबतां चालणारा असा संगणकच विरळा! इतर दोषांनीं या दोषाला झांकून ठेवलें होतें.

ही केवळ गमतीची गोष्ट नव्हे. १४ सप्टेंबर २००४ रोजीं सायंकाळीं कॅलिफोर्नियांतील पामडेल येथील विमान-नियंत्रण केंद्राचा सुमारें ४०० विमानांशीं असलेला ध्वनिसंपर्क तुटला. तेथील यंत्रणेंतहि तेवढ्याच घरांचा गणक होता. ही गोष्ट अधिकाऱ्यांस ठाऊक होती, आणि म्हणून दर तीस दिवसांनीं यंत्र बंद करून पुनः चालू करावें असा नियम होता. त्या खेपेस तें राहून गेलें. गणक संपतांच यंत्रणा थांबली. राखीव यंत्रणाहि मिनिटाच्या आंत कोलमडली. संपर्क तीन तासांहून अधिक काळ बंद होता, आणि निदान पांच प्रसंगीं विमानें विहित अंतरापेक्षां एकमेकांच्या जवळ आलीं. सुदैवानें टक्कर झाली नाहीं. पुनः चालू करणें हें पथ्य आहे, औषध नव्हे. आणि पथ्याचा सारा भार माणसाच्या आठवणीवर असतो.

घरच्या संगणकाकडे वळतांना पहिला नियम असा कीं, निदानापूर्वीं संपत्ति सुरक्षित करावी. हिशेब, छायाचित्रें व लेखन यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, मगच यंत्राला हात लावावा. दुरुस्तीच्या उत्साहांत पुष्कळदां रोगापेक्षां उपचारच महाग पडतो.

दुसरा नियम टांचणाचा. संगणक थबकला कीं वेळ, चालू असलेलीं कामें, चालू होऊन झालेला अवधि व हवेचा उष्मा हें सारें वहींत टिपावें. ‘नम लॉक’ ही कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्र अजून जिवंत आहे व बहुधा एखादाच कार्यक्रम अडला आहे. दिवा मुळींच हलत नसेल, तर अडथळा अधिक खोल आहे. विंडोज ९८ मध्यें एका अडलेल्या कार्यक्रमापायीं सगळेंच काम थांबण्याचा संभव असे. जुन्या सोळा-अंशी कार्यक्रमांना कांहीं सामाईक कामांसाठीं एकच किल्ली वापरावी लागे. वाड्यांतील एका बिऱ्हाडानें कोठीची एकुलती किल्ली घेऊन आंतून कडी लावावी आणि बाकीच्यांनीं दाराशीं तिष्ठत बसावें, तसाच हा प्रकार. शिवाय खिडक्या व चित्रें यांच्या कांहीं नोंदींस ६४ किलोबाइट एवढीच जागा होती. नवी रॅम कितीहि घातली तरी ती वाढत नसे. म्हणून पुष्कळ खिडक्या एकदम उघडल्यानंतर येणारा अडथळा पैसे खर्चून दूर होत नाहीं.

टांचणांतून पुढची दिशा दिसते. अर्ध्या तासानें व उन्हाळ्याच्या दुपारीं अधिक थबकत असेल, तर पंखा व त्याखालील धातूच्या पात्या यांवरील धूळ पाहावी. वेळीं-अवेळीं, कोणत्याहि कामांत थबकत असेल, तर रॅमचा संशय घ्यावा. मेमटेस्ट८६ हा कार्यक्रम रात्रभर चालवावा, किंवा वीज तोडून एकेक पट्टी काढून पाहावी. मदरबोर्डावरील कपॅसिटरांचीं डोकीं फुगलेलीं दिसलीं, तर तें काम जाणत्या कारागिराचें. ‘सेफ मोड’ मध्यें संगणक नीट चालत असेल, तर एखादा ड्रायव्हर किंवा आपोआप सुरू होणारा कार्यक्रम हा अपराधी असण्याचा संभव मोठा. असे सोळा कार्यक्रम असतील, तर एकेकाची झडती घेण्याचें कारण नाहीं. आठ बंद करावे. दोष गेला तर तो त्या आठांत, राहिला तर उरलेल्यांत. पुनः निम्मे करावे. अपराधी एकच असेल, तर चार खेपांत तो हातीं लागतो.

मात्र एका वेळीं एकच बदल करावा, आणि विजयाची घाई करूं नये. संगणक यदृच्छेनें आठवड्यास सरासरी एकदां थबकत असेल, तर कांहींहि उपाय न करतां तीन दिवस निर्विघ्न जाण्याचा संभव शेंकडा पासष्ट असतो. म्हणजे शुक्रवारीं रॅम बदलली व सोमवारपर्यंत सर्व ठीक चाललें, एवढ्यावरून रॅम दोषी ठरत नाहीं. असेच तीन आठवडे शांततेनें गेले, तर मात्र निव्वळ योगायोगाचा संभव शेंकडा पांचांवर येतो. बरेचसे चुकीचे निर्णय अज्ञानापेक्षां या उतावळेपणांतूनच जन्मतात, आणि निर्दोष सामान भंगारांत जातें.

विंडोज ९५ चा दोष शेवटीं सांपडला, तो कोणी नशिबाला बोल लावला म्हणून नव्हे. थांबण्याच्या वेळेचा आंकडा कोणीतरी मोजला म्हणून. ज्या घरीं जुन्या संगणकाशेजारीं एक वही व एक पेन्सिल ठेवलेली असेल, त्या घरीं त्याच्या दुखण्याचें निदान होण्याची आशा धरण्यास हरकत नाहीं.