मांडणीवरची भांडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही, म्हणून स्वतःची एक हकिगतच सांगते. मागच्या बैठकीला आपल्यातल्याच दोघी-तिघी एका मुलीविषयी बोलत होत्या. तिची आई जाऊन सहा महिने झाले, बाप दुसरे लग्न करणार आहे, आणि पोर रात्री उठून ‘माय आली’ म्हणते. “बाहेरचे आहे, देवऋष्याला दाखवा,” असे ठरत होते. मी तेव्हा गप्प बसले. ते मनाला लागून राहिले, म्हणून आज उभी आहे.

माझी माय १९९२ च्या श्रावणात बाळंतपणात गेली. बाळही गेले. बाळंतीण मेली की तिची हडळ होते, असे आपल्याकडे म्हणतातच. दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा बायका माझ्यादेखत म्हणाल्या, “जीव लेकरांत अडकलाय.” त्या हळहळून बोलल्या असतील. मला बारा वर्षांच्या पोरीला मात्र त्यातून एवढेच कळले, की माय अजून जवळपास आहे. मला भीती वाटली नाही. मी तिची वाट पाहू लागले.

शाळा सुटली. भाऊ चार वर्षांचा, चूल माझ्याकडे आली. पुढच्या वैशाखात वडिलांनी दुसरे लग्न केले. नव्या आईला आम्ही मावशी म्हणू लागलो. पहिलीने दुसरीला त्रास देऊ नये म्हणून तिच्या गळ्यात मायच्या नावाचा चांदीचा टाक घातला होता. नवे लुगडे आले तरी ती आधी टाकाला लावी, मग नेसे. मला ते पाहून संताप येई. माझी माय हिच्या गळ्यात का म्हणून? मी तिच्या हातची भाकरी टाकून उठत असे. आणि रात्री सगळे निजले की स्वयंपाकघराच्या मागल्या दाराची कडी हळूच काढून ठेवी. माय आली तर तिला आत येता यावे. मावशी उठून कडी लावी, मी पुन्हा काढी. ती एका शब्दाने बोलली नाही. देवऋष्याचे नाव आमच्याही घरी निघाले होते, पण मावशीनेच नको म्हटले, हे मला फार उशिरा समजले.

१९९३ साली २९ सप्टेंबरला गणपती बोळवले. त्याच रात्री, पहाटे चारच्या सुमारास, मांडणीवरची भांडी वाजली. माय अशीच पहाटे उठून भांडी काढत असे. मी ताडकन उठले आणि स्वयंपाकघराकडे धावले. बाहेर वडील ओरडत होते, ते कानांवर येत होते, पण मला वाटले, आता थांबले तर ती निघून जाईल.

आमचे घर दगडमातीचे, वर माळवद. डोळ्यांत माती पडू लागली, पायांखालची भुई हलत होती. अंधारात कोणीतरी मला मागून कमरेला धरून ओढले. माझा हात गळ्यातल्या टाकावर पडला. मला वाटले, मायच आहे. अंगणात चांदण्यात पाहिले तर मावशी. केसांत माती, पदराचे भान नाही. भावाला बाहेर ठेवून ती माझ्यासाठी परत आत शिरली होती.

दिवस उजाडल्यावर किल्लारीच्या भूकंपाची बातमी आली. लातूर-उस्मानाबादकडे सुमारे आठ हजार माणसे गेली, कितीतरी झोपेतच माळवदाखाली गाडली गेली. आमचे माळवद टिकले, स्वयंपाकघराची भिंत मात्र तडकली.

पुढे कित्येक रात्री आम्ही अंगणातच निजलो. एके रात्री मावशीने विचारले, “रोज कडी का काढतेस ग?” मी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला सांगायचंस की. मी लावलीच नसती.”

नंतर अविधवा नवमी आली. मायला काय आवडायचे, हे तिने मलाच विचारले. शेंगोळे, मी म्हटले. नवमीच्या स्वयंपाकात शेंगोळे कोणी करीत नाही, सासूबाई कुरकुरल्या, पण तिने केले. सवाष्ण जेवली, आणि त्या पानासमोर मी वर्षाने पहिल्यांदा मोठ्याने रडले. मला कोणी गप्प केले नाही. त्या रात्री झोप लागली.

आता कोणी म्हणेल, भूत नव्हतेच तर पोरीला दिसते कसे? मला तर भांड्यांच्या आवाजात माय ऐकू आली. भांडी भूकंपाने वाजली होती, ती मी मायने वाजवली असे धरले, कारण वर्षभर माझ्याशी तिच्याविषयी कोणी बोललेच नव्हते. बोलले ते माझ्या डोक्यावरून, एकमेकींशी.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, तो त्यांच्या खुनानंतर २०१३ साली झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरच्यांची धुरी देणे, चटके देणे हा आता गुन्हा आहे. देवऋष्याकडे नेण्याचे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. आपल्या ओसरीवरच्या बोलण्याला मात्र कायदा नाही, ते आपणच आवरायचे.

वडील गेले तेव्हा मावशीचे मंगळसूत्र काढले. टाक काढायला बायका पुढे झाल्या, तर तिने तो मुठीत धरून ठेवला. अजून गळ्यात आहे. ती आज मागच्या रांगेत बसली आहे.

त्या मुलीच्या घरी मी उद्या दुपारी जाणार आहे. मावशीही येते म्हणाली आहे.