शिकारीचा आनंद आणि शिकाऱ्याची जबाबदारी



शिकारीचा विषय निघाला की ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभ्या असलेल्या राजेरजवाड्यांची जुनी छायाचित्रं पाहून काहींना चीड येते. काहींना आजोबांच्या दुनळी बंदुकीच्या गोष्टी आठवतात आणि डोळे चमकतात. मी दोघांनाही खोटं ठरवायला आलेलो नाही. माझं म्हणणं आधीच सांगतो. शिकारीत खरा आनंद आहे, पण त्या आनंदाला एक बंधन आहे. ज्या जनावरावर आपण हत्यार उचललं, त्याच्या वेदनेचा शेवट होईपर्यंत आपली सुटका नाही. छंदाची शिकार आपल्या देशात कायद्यानं बंद झाली. हे बंधन मात्र संपलेलं नाही, ते आज आपल्या सगळ्यांवर येऊन पडलं आहे.

आधी आनंदाविषयी बोलू. बार काढणं हा शिकारीतला सगळ्यांत छोटा भाग. त्याच्या आधी तासन् तास जे चालतं तीच खरी शिकार. वारा कुठून येतो ते पाहून पाणवठ्याची कोणती बाजू धरायची हे ठरवायचं. ओल्या मातीतल्या खुराच्या कडा ताज्या आहेत की ढासळल्या आहेत, यावरून जनावर रात्री गेलं की पहाटे, हे ओळखायचं. वानराचा खकारा झाला, पाठोपाठ भेकर भुंकलं, म्हणजे बिबट्या कोणत्या ओढ्यानं चालला आहे याचा अंदाज बांधायचा. मचाणावर बसलात तर खोकला गिळायचा, डास चावू द्यायचे आणि पाय बधिर झाला तरी हलवायचा नाही. अशा वेळी माणसाचे कान, नाक, कातडी सगळं जागं होतं. एरवी हिरवा पडदा वाटणारं रान त्याच्यापुढे उलगडत जातं. हा आनंद हिंसेचा नाही, एकाग्रतेचा आहे. माणसानं शेती सुरू केली त्याच्या कितीतरी आधीपासून तो या एकाग्रतेवर जगत आला, त्यामुळे ती अजून आपल्या अंगात आहे. तिला विकृती म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही.

या एकाग्रतेतूनच आपल्याकडचं पुष्कळसं निसर्गज्ञान आलं. 1883 साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या सभासदांत शिकारी भरपूर होते. सलीम अली यांच्या आयुष्याला वळण मिळालं ते लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या एका चिमणीमुळे. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून ते सोसायटीच्या कचेरीत गेले. तिथे सोसायटीचे सचिव मिलार्ड साहेब यांनी त्यांच्यापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडले आणि तो मुलगा पुढे भारताचा पक्षिशास्त्रज्ञ झाला. आपल्या मराठीत व्यंकटेश माडगूळकर बंदूक घेऊन रानात हिंडले. पुढे बंदूक सुटली, पाहणं राहिलं, आणि त्या पाहण्यातून वानरांच्या टोळ्यांवरची ‘सत्तांतर’ ही कादंबरी मराठीला मिळाली. पाहण्याची सवय पक्की झाली की पुष्कळांना बंदुकीची गरज उरत नाही. शिकारीनं माणसाला दिलेली ही सगळ्यांत मोठी देणगी आहे, असं मी मानतो.

मग बिघडलं कुठे? आनंद पाहण्यातून निघून मोजण्यात गेला तिथे. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव तळ्याकाठी दगडी खांब आहेत. कोणत्या दिवशी कोणत्या पाहुण्यासाठी किती पक्षी पाडले, हे त्यांवर कोरलेलं आहे. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत 4,273 पक्षी पडले. एका दिवसात चार हजारांवर पक्षी पाडणाऱ्याला त्यातला एकही आठवणं शक्य नाही. तिथे माग नाही, वारा पाहणं नाही, जनावराची ओळख नाही. भारतातले शेवटचे म्हणून ज्यांची नोंद आहे, ते तीन चित्ते 1947 साली सरगुजाशेजारच्या कोरिया संस्थानाच्या महाराजांनी मारले, तेही रात्री, मोटारीच्या दिव्यात दिपवून. त्याची हकीगत आणि छायाचित्र सोसायटीच्या नियतकालिकात आलं तेव्हा संपादकांनी उघड नापसंती व्यक्त केली. ती नापसंती शिकार जाणणाऱ्या मंडळींची होती, हे लक्षात घ्या. दिव्यानं आंधळ्या झालेल्या जनावराला पळायची संधी नसते आणि त्याला मारणाऱ्याला काही शिकावं लागत नाही. खरा शिकारी त्याला शिकार म्हणणार नाही.

याच काळात आपल्या अहमदनगर, पुणे, सोलापूरच्या माळरानांवर वेगळीच माणसं शिकार करत होती. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी या भागातल्या भटक्या समाजांचा अभ्यास केला, तो प्रत्येकानं वाचावा असा आहे. एकाच माळावर तीन समाज शिकार करत, पण त्यांचं सावज वेगळं आणि रीत वेगळी. फासेपारधी फासे लावून काळवीट आणि तित्तर-लाव्यांसारखे पक्षी धरत. नंदीवाले कुत्रे घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. वैदू मुंगूस, मांजरवर्गीय छोटी जनावरं आणि पाण्यातली कासवं-खेकडे पकडत. एकाच्या पोटावर दुसऱ्याचा पाय पडत नसे. आणि फासेपारधी सांगत, की फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडलं तर आम्ही सोडून देतो. यातली नीती पुस्तकातून आलेली नाही. पुढच्या वर्षी याच माळावर पुन्हा यायचं आहे, आपल्या मुलांनाही इथेच जगायचं आहे, या जाणिवेतून ती आली आहे.

आणि या लोकांच्या वाट्याला काय आलं? इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पारध्यांच्या कपाळी जन्मानंच गुन्हेगाराचा शिक्का मारला. तो कायदा स्वतंत्र भारतात 1952 साली गेला, शिक्का अजून पुरता पुसलेला नाही. गाभण हरणी सोडून देणारा चोर ठरला आणि दिवसात हजारो पक्षी पाडणाऱ्यासाठी दगडी खांब उभे राहिले. शिकारीच्या नीतीचा विचार करताना हा अन्याय बाजूला ठेवता येत नाही. कोण मारतो, कशासाठी मारतो आणि त्या भूमीशी त्याचं नातं काय, हे प्रश्न ‘मारावं की नाही’ या प्रश्नाइतकेच महत्त्वाचे आहेत.

आता त्या बंधनाकडे येतो. जगभरच्या शिकाऱ्यांत एक नियम सारखा आढळतो. जनावर जखमी झालं तर त्याला सोडून घरी यायचं नाही. रक्ताचा माग काढायचा, अंधार झाला तर सकाळी पुन्हा जायचं, झुडपात दबा धरून बसलेल्या वाघापर्यंत पायी जायचं, पण त्याचं दुखणं संपवूनच परतायचं. हा नियम मोडल्याची किंमत काय असते हे चंपावतच्या वाघिणीनं दाखवलं. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून तिच्या नावावर 436 माणसांचे बळी आहेत. जिम कॉर्बेटनं 1907 साली तिला मारलं तेव्हा तिच्या तोंडातले उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले दिसले. वरचा अर्धा गेलेला, खालचा मुळापासून. कारण होतं एक जुनी गोळी. नैसर्गिक भक्ष्य मारणं तिला जमेना, म्हणून ती माणसाकडे वळली, असं कॉर्बेटचं निदान होतं. कुणीतरी कुठेतरी एक बार काढला, नेम चुकला, आणि तो माणूस आपल्या वाटेनं निघून गेला. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. हिशेब मात्र गवत कापायला गेलेल्या बायाबापड्यांनी चुकता केला.

शिकारीच्या बाजूचा एक गंभीर युक्तिवाद आहे, तोही मांडायला हवा. पाकिस्तानच्या उत्तरेकडील डोंगरांत मारखोर नावाच्या रानबोकडाच्या मोजक्या शिकारींचे परवाने मोठ्या किमतीला विकले जातात. त्यातला 80 टक्के पैसा स्थानिक गावांना मिळतो. त्यामुळे चोरटी शिकार गावकऱ्यांनीच थांबवली आणि मारखोर वाढले. जिथे मोजणी प्रामाणिक आहे, मारण्याची मर्यादा काटेकोर आहे आणि रानावर गावाचा हक्क आहे, तिथे हा मार्ग चालतो, हे मान्य करायला हवं. आपल्याकडे मात्र छंदाची शिकार गावासाठी कधीच नव्हती. बंदूक एकाची, हाका घालणारी माणसं दुसरीच, मांस तिसऱ्याच्या मेजवानीला. शिवाय स्वातंत्र्यानंतर जीपगाड्या आणि परवाने हाती आले तेव्हा माळढोकासारखा उमदा पक्षी माळावरून नाहीसा होण्याच्या बेताला आला. म्हणून 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा योग्यच होता. त्यात सुरुवातीला शिकारीच्या परवान्यांची सोय होती, ती 1991 च्या दुरुस्तीनं काढून टाकली, तेही योग्य झालं. तो दरवाजा पुन्हा उघडावा असं मला वाटत नाही.

पण श्रोतेहो, शिकार बंद झाली म्हणून मारणं थांबलं का? विदर्भातल्या शेतकऱ्याच्या हरभऱ्यात रोही आणि रानडुकरांचे कळप रात्रीतून फिरतात आणि सकाळी उभं पीक आडवं झालेलं असतं. त्याचा संताप मी कमी लेखत नाही. पण मग कुंपणाच्या तारेत घरगुती वीज सोडली जाते. ती तार डुक्कर, वाघ आणि शेजारचा गुराखी यांत फरक करत नाही. 2017 साली नागभीड भागात ‘श्रीनिवास’ नावाचा तरुण वाघ अशाच तारेला चिकटून मेला. कोकणात आणि घाटावर डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकतात आणि कमरेला तार रुतून तडफडतात. फासकी लावणारा रात्री घरी झोपलेला असतो. कुणी माग काढत नाही, कुणी दुखणं संपवायला जात नाही. जुन्या शिकाऱ्यानं ज्या गोष्टीची शरम धरली असती, ती आज अंधारात रोज घडते.

जिथे मारणं भाग पडतं तिथेही हाच कस लागतो. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात टी-1 वाघीण मारली गेली. तिच्यावर 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. तिच्या मृत्यूवर देशभर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. कायद्यानं दिलेली परवानगी हा निर्णयाचा शेवट नसतो. पद्धत कोणती वापरली, बेशुद्ध करण्याचा प्रयत्न पुरेसा झाला का, मागे राहिलेल्या बछड्यांचं काय, या प्रश्नांची उत्तरं जनतेला मिळायला हवीत.

म्हणून माझं सांगणं तीन प्रकारच्या लोकांना आहे. शेतकरी बांधवांनो, तारेत वीज सोडू नका. झटका देणारं पण जीव न घेणारं सौर कुंपण मिळतं, त्याला अनुदानही आहे. ते मिळेपर्यंत तहसील आणि वनखात्याच्या कचेरीत ठाण मांडून बसा, आम्ही तुमच्यासोबत येऊ. शासनाला सांगणं असं की पिकाच्या नुकसानीची भरपाई हंगाम संपायच्या आत द्या, नाहीतर फासकी लावणाऱ्या हाताला तुम्हीच बळ देता. आणि वनखात्याला सांगणं असं की पारधी वस्तीतली ज्येष्ठ माणसं आजही माग ओळखतात. वाघांची मोजणी, गस्त आणि फासकी शोधणं या कामांवर त्यांना सन्मानानं आणि पगारावर घ्या. शिकारीतली सगळ्यांत मोलाची विद्या त्यांच्याकडे आहे. ती त्यांच्या पिढीबरोबर संपू देणं हा आपला दोष ठरेल.